झडतीचा कागद

रामहरीच्या पायावरून भरल्या गाडीचं चाक गेलं आणि घरातला कर्ता माणूस ऐन चैत्रात बाजेवर पडला. हाडवैद्यानं घोट्याला बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या आणि सांगितलं, "दीड म्हयना भुईला पाय लावायचा न्हाय." रामहरीनं ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

पण माळव्याला दीड महिना थांबता येत नव्हतं. कळंबच्या शिवारात पाटाच्या पाण्यावर त्यांची दीड एकर वांगी, दोडका आणि काकडी उभी होती. पाण्याची पाळी आली तशी सरुबाईनं कासोटा वर खोचला, फावडं खांद्यावर घेतलं आणि एकटीनं बारी दिली. चिखलात गुडघ्याएवढी रुतून ती सरीच्या तोंडाचं एक मातीचं दारं मोडायची, दुसरं बांधायची. पाणी सरीच्या टोकाला पोचलं की मगच कंबर सरळ करायची. चैत्राचं ऊन असं की बांधलेलं दारं बघता बघता वाळून तडकायचं. एक तोड लांबली की वांगी निबर होत आणि दोडक्याला शिरा धरत. मग बाजारात कुणी हात लावत नसे.

बाजाराच्या आदल्या दिवशी ती आणि सासू प्रयागबाई दिवस उगवायला रानात उतरल्या. म्हातारीला एकदा बसलं की उठता येत नव्हतं. ती बसल्या बसल्याच सरीतनं सरकत पुढं जायची आणि हाताला येईल ते वांगं देठासकट खुडायची. देठाचे काटे दोघींच्या बोटांत मोडले होते. दिवस कलेपर्यंत अकरा डालगी भरली. त्यांच्यावर ओली गोणपाटं टाकून सरुबाई घरात आली.

"सोनबाच्या गाडीत घालून दे," रामहरी बाजेवरून म्हणाला. सोनबा म्हणजे त्यांचा बांधकरी, शेजारच्या रानाचा.

"त्येची गाडीच शिगोशीग भरलीया."

"मग कोण न्हेणार?"

"मी न्हेते."

रामहरी कोपरावर उठला. "तू? बारामतीला?"

"का? बैल काय मला वळखत न्हाईत?"

"बैलांचं न्हाय गं." तो म्हणाला. "वाटंत फाट्यावर नाका हाय. सोनबाला म्होरं घाल. तू काय बोलू नगंस. मागतील ते द्यायचं आन् खाली मान घालून सुटायचं."

"काय मागत्यात?"

"काय न्हाय. माळवंच, दुसरं काय!" तो पुन्हा भिंतीकडं वळला. सरुबाईला वाटलं, पाय ठणकत असंल.

दोन्ही गाड्या पहाटे निघाल्या. फाट्यावर पोचायला चांगलं कासराभर ऊन वर आलं होतं. दारूबंदी झाल्यापासून तिथं कालव्याच्या पुलाजवळ एक पत्र्याची खोली उभी राहिली होती. रस्त्यावर आडवा बांबू, बांबूला लाल फडकं. गुळाच्या आणि माळव्याच्या गाड्यांतनं हातभट्टीची दारू जाते असा सरकारला संशय होता. संशय खरा होता का खोटा, कुणाला ठाऊक. पण तो राखायला तिथं एक जमादार आणि एक शिपाई होता. जमादाराला नाव असणारच, पण त्या वाटेवरचे गाडीवान त्याला नुसतं जमादार म्हणत. नाक्याला लागूनच दगडाबाईचं चहाचं पाल होतं.

सोनबानं गाडी थांबवली, खाली उतरून टोपी काढली, काकड्यांची एक पाटी खोलीच्या दारात नेऊन ठेवली आणि परत गाडीवर बसला. बांबू वर गेला. एक शब्द बोलणं झालं नाही. सोनबा पुलापलीकडं जाऊन सरुबाईसाठी थांबला.

मग सरुबाईची गाडी बांबूला लागली. जमादार खुर्चीतनं उठला. अंगानं भरलेला, पट्ट्यावरून पोट पुढं आलेला, तोंडात पान.

"कुणाची गाडी ही?"

"कळंबच्या रामहरीची."

"आणि तो कुठं मेला?"

"पाय मोडलाय. पडून हाय."

"असं?" जमादारानं पिंक टाकली. "मग आज आमचं पाणी कोण भरणार?"

सरुबाईला काही उमगेना. जमादारानं खोलीच्या दारातल्या दोन घागरींकडं बोट केलं.

"तुझा नवरा दर बाजारी कालव्यावरनं त्या दोन घागरी भरून आणतो. आमची सायकल पुसतो. मग गाडी हाकतो. मागं एकदा उशीर होतोय म्हणून कुरकुरला, तर ह्या इथं, बांबूपाशी, कान धरून उभा केला होता त्याला. तेव्हापासून शहाणा झाला." तो हसला. "त्याच्या जागी तू आलीस, तर त्याचं काम कर. घागरी उचल."

मागं चार-पाच गाड्या येऊन थांबल्या होत्या. गाडीवान सगळे ऐकत होते आणि कुणी ऐकत नसल्यासारखे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांकडं बघत होते.

सरुबाईच्या कानशिलांत रक्त उसळलं. घरात हातानं पाण्याचा तांब्या न घेणारा माणूस! जेवायला बसल्यावर भाकरी वाढायला उशीर झाला तर ताट सारणारा माणूस! तो इथं या माणसाच्या घागरी वाहत होता आणि घरी येऊन म्हणत होता, माळवंच, दुसरं काय! तिला नवऱ्याचा राग आला. पण कान धरून तो नेमका कुठं उभा राहिला असेल, ती जागा तिला दिसायला लागली.

"पाणी मी माज्या घरचं भरते," ती म्हणाली. "गाडी तपासायची तर तपासा."

जमादाराचं हसू गेलं. "कंदील कुठाय?"

"ह्यो काय. आसाला बांधलाय."

"पेटलेला नाही."

"ऊन पडलंय साहेब."

"ऊन पडलंय का चांदणं, ते मी ठरवणार. पेटव."

ती खाली उतरली. पालातल्या चुलीतनं दगडाबाईनं जळती काडी दिली. भर उन्हात सरुबाईनं कंदील लावला. ज्योत दिसतसुद्धा नव्हती. जमादारानं वाकून बघितलं, मग बैलांकडं वळला. बैलांच्या माना चाचपल्या. मानेला घट्टा होता, पण जखम नव्हती. खुरं बघितली. नाल शाबूत होते. दरवेळी काही गावलं नाही की तो जास्तच तापत होता.

"सळई आण रे!"

शिपाई म्हातारपणाकडं झुकलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला माणूस होता. त्यानं खोलीतनं हातभर लांबीची, टोकाला धार काढलेली लोखंडी सळई आणली. जमादारानं गोणपाट ओढून रस्त्यावर फेकलं आणि पहिल्या डालग्यात सळई खुपसली. कचकन आवाज झाला. बाहेर काढली, परत खुपसली. वांग्याचा बुळबुळीत गर सळईला लागून वर येत होता. दुसरं डालगं, तिसरं डालगं. एकेका डालग्यात दहादहा वेळा. काकड्यांच्या डालग्यातनं पाणी गळायला लागलं आणि गाडीच्या साट्यांतनं ठिबकून धुळीत पडायला लागलं.

"साहेब, डालगी खाली वतते की! उचलून बगा," सरुबाई म्हणाली. "भोकं कशापायी पाडताय?"

"बाटली तळाला असते."

"मग तळ बगा."

"तू मला शिकवणार?" त्यानं सळई दोडक्यात घातली.

सरुबाईनं ओठ दाताखाली धरला. प्रयागबाई सरीतनं कशी सरकत होती, ते तिच्या डोळ्यापुढं आलं. अकराच्या अकरा डालगी झाली. बाटली नव्हती. जमादाराला घाम आला होता. त्यानं सळई शिपायाकडं दिली, पुढं गेला आणि जुवाच्या दोन्ही टोकांच्या शिवळा उपसून घेतल्या. त्या लाकडी खुंट्यांशिवाय बैल जुवात राहत नाही. बैलांनी माना सोडवून घेतल्या आणि ते रस्त्याकडंच्या हरळीला लागले.

"आता बस इथं. जायचं कसं ते बघू." शिवळा त्यानं खोलीत टाकल्या. पत्र्यावर लाकूड वाजलं. "आणि ओच्यात काय लपवलंय? ये इकडं."

तो दोन पावलं पुढं आला. त्याचा हात पुढं आलेला सरुबाईनं बघितला. ती मागं सरली नाही.

"हात लावू नगा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "बाईची झडती बाई घेती. दोन पंच लागत्यात. जागच्या जागी लिवावं लागतंय. मला म्हाईत हाय."

तिला माहीत होतं, आणि कसं माहीत झालं ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांमागं गावात धाड पडली होती. गावाबाहेरच्या खोपटात राहणाऱ्या छबूबाईवर दारू गाळल्याचा वहीम होता. आलेला फौजदार सरळ माणूस होता. त्यानं पाटलाला सांगितलं, गावातली एक चांगली बाई बोलवा, बाईच्या अंगाला पुरुषानं हात लावायचा नाही, तसा कायदा आहे. पाटलानं सरुबाईला बोलावलं होतं. खोपटाच्या आडोशाला छबूबाई हात वर करून उभी राहिली होती आणि सरुबाईनं तिचं लुगडं झाडून बघितलं होतं, चोळीची गाठ सोडायला लावली होती. सापडली फक्त मिशरीची पुडी. फौजदारानं तेवढंच लिहून घेतलं, पंचांचे अंगठे घेतले आणि तो गेला. कायद्यानं सगळं बरोबर झालं होतं. पण छबूबाई त्या दिवसापासून पाणवठ्यावर सरुबाईकडं बघत नव्हती.

"कायदा कुणाला सांगतेस?" जमादार ओरडला. पण त्याचा हात खाली आला होता. शिपाई चष्म्यातनं त्याच्याकडं बघत होता. "तुला आत घालीन!"

"घाला. कशापायी घातलं, त्ये लिवा फकस्त."

जमादारानं मागच्या गाड्यांकडं बघितलं. गाडीवान आता घुंगरांकडं बघत नव्हते.

"दगडे! ए दगडे! चल, हिची झडती घे!"

दगडाबाई पालातनं हात पुसत आली. पन्नाशीची, वाळून काटकी झालेली विधवा. शिपायानं खोलीच्या मागं कांबळं धरलं, तोंड दुसरीकडं करून. कांबळ्याआड दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सरुबाईनं हात वर केले. दगडाबाईचे चुलीच्या राखेनं भरलेले हात तिच्या कमरेला लागले आणि तिच्या अंगावर काटा आला. नाक्यावर तिच्या हातून कसलाही गुन्हा झाला नव्हता, तरी पदर खाली सरकला तसं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छबूबाईला असंच झालं असंल, असं तिच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्या आठवणीनं का आत्ताच्या लाजेनं, हे तिला कळलं नाही.

"दिऊन टाकायची चार वांगी," दगडाबाई कुजबुजली. "मी रोजचा च्या फुकट देती. पाल हाय म्हणून जगती."

"आज वांगी दिली तर फुडल्या बाजारी घागर उचलावी लागंल," सरुबाई म्हणाली. "घरातला एक जण उचलून बसलाय."

दगडाबाईनं ओचा झाडला, गाठ बांधून दिली आणि पदर स्वतःच्या हातानं सरुबाईच्या डोक्यावर नीट घातला.

"काय न्हाय गावलं," ती बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाली.

"ठीक आहे. चल, नीघ इथनं," जमादार म्हणाला.

"लिवून द्या."

"काय?"

"काय गावलं न्हाय, त्ये."

"अगं ए, सापडत नाही त्याचा कागद नसतो!" तो जवळ आला आणि आवाज उतरवून बोलला, "आणि एक ध्यानात ठेव. बाटली कुठंही सापडते. आज नाही सापडली, उद्या सापडेल. आज सकाळी सापडली होती असंही मी उद्या लिहू शकतो."

"म्हणूनच कागद पायजे," सरुबाई म्हणाली आणि गाडीच्या सावलीत बसली.

ऊन चढत गेलं. डालग्यांवरची गोणपाटं रस्त्यावरच पडली होती. ती तिनं उचलली नाहीत. भोकं पडलेल्या वांग्यांना काळं चढायला लागलं, माशा जमल्या. मागं गाड्यांची रांग कालव्याच्या वळणापर्यंत गेली. तिची गाडी बरोबर बांबूपुढं उभी होती आणि दोन्ही बाजूंना खोल चारी. बाजूनं काही जायला वाट नव्हती.

"गाडी हलव!" जमादार म्हणाला.

"कशानं हलवू? शिवळा तुमच्याकडं."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. जमादारानं झटक्यात वळून बघितलं, पण हसणारा सापडला नाही. त्यानं खोलीतनं शिवळा आणल्या आणि तिच्यापुढं टाकल्या. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"उचल!"

"कागद झाला की."

"ए, चौघं जण या रे! ही गाडी ढकला बाजूला."

कुणी हललं नाही. एकजण म्हणाला, "माजा खांदा धरलाय साहेब." दुसरा म्हणाला, "बैल बुजाडं हाय, सोडून यायची सोय न्हाय." तिसऱ्यानं कारणही सांगितलं नाही. तो जुवावर बसून तंबाखू मळत राहिला.

अशात इंदापूरकडनं मोटार आली. भरलेली एस.टी., टपावर बोचकी. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि हात भोंग्यावरच ठेवला. माणसं खिडक्यांतनं डोकी काढायला लागली. कंडक्टर उतरून पुढं आला. उंच, घाईतला माणूस.

"जमादारसाहेब, काय खोळंबा हा? आमची वेळ मोडली तर वर लिहून द्यावं लागतं मला. काय कारण लिहू?"

जमादाराच्या मानेवरची शीर टरारली. त्यानं एकदा मोटारीकडं बघितलं, एकदा बसलेल्या सरुबाईकडं. मग शिपायाला म्हणाला, "दे हिला खरडून काहीतरी. आणि घे अंगठा."

शिपायानं खोलीच्या उंबऱ्यावर बसून कागद लिहिला. सरुबाई उठली.

"मला वाचाय येत न्हाय. ह्या मोटारवाल्या दादांनी वाचून दावावं."

कंडक्टरनं कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला, "सदर गाडीची व सदर बाईची रीतसर झडती घेतली असता आक्षेपार्ह काही मिळून आले नाही. सर्व माल सुस्थितीत परत मिळाला. काही तक्रार नाही."

"सुस्थितीत म्हंजी?"

"म्हणजे चांगला. न बिघडता."

सरुबाई गाडीपाशी गेली. तिनं डालग्यातनं एक वांगं उचललं आणि सळईनं पडलेल्या भोकात आपलं बोट घातलं. बोट पार आरपार बाहेर आलं. तसंच ते वांगं तिनं कंडक्टरच्या तोंडापुढं धरलं.

"ह्ये चांगलं हाय? दादा, तुमी घ्याल ह्ये?" मग तिनं शिपायाकडं बघितलं. आता तिचा आवाज थरथरत होता आणि तिनं तो आवरला नाही. "भोकं लिवा! अकरा डालग्यांला सळईची भोकं पाडली, लिवा. शिवळा काढून घेतल्या, लिवा. उन्हात कंदील लावाय लावला, लिवा. आन् घागरी भर म्हणाला, त्ये बी लिवा! ह्यात सरकारचं काम कंचं आन् ह्येच्या घरचं कंचं, त्ये कळू दे वाचणाऱ्याला!"

मोटारीतली माणसं एव्हाना खाली उतरली होती. शिपायानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि जमादाराकडं बघितलं. भोंगा परत वाजला.

"मर, लिही!" जमादार म्हणाला आणि पाठ फिरवून खोलीत गेला.

शिपायानं लिहिलं. हळूहळू, एकेक ओळ. लिहिताना त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही, पण घागरींचं लिहून झाल्यावर त्यानं टाक घट्ट दाबून दोनदा रेघ ओढली. कंडक्टरनं परत वाचून दाखवलं.

"दोन पंच पाहिजेत," शिपाई म्हणाला.

दर आठवड्याला याच बांबूखालनं जायचं होतं प्रत्येकाला. गाडीवान पायांकडं बघायला लागले. सोनबा पुलावरनं चालत कधीच येऊन उभा राहिला होता. त्याची काकड्यांची पाटी अजून खोलीच्या दारात होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, टोपी हातात चुरगळली.

"रामहरीनं घागरी वाहिल्या तवा मी बगितलंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कान धरून हुबा व्हता तवाबी मी हितंच व्हतो. त्यो मला म्हणाला, घरी सांगू नगंस. म्या न्हाय सांगितलं." त्यानं पुढं होऊन शाईत अंगठा बुडवला.

"आणखी एक."

कुणी पुढं येईना. कंडक्टर म्हणाला, "मी नोकर माणूस."

"बाईचा आंगठा चालतुया?" मागनं आवाज आला. दगडाबाई होती. "झडती तर म्याच घेतलीया."

खोलीच्या दारातनं जमादार बोलला, "दगडे, उद्या पाल लावायचं आहे ना?"

दगडाबाईनं राखेनं भरलेला अंगठा लुगड्याला पुसला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

बारामतीत पोचेस्तोवर बाजार ओसरला होता. त्या मालाला गिऱ्हाईक कसलं मिळणार! बरी निघाली तेवढी वांगी कशीबशी गेली, उरलेली गुरांपुढं टाकली. मग सरुबाई कागद पदरात घेऊन कचेरीसमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडं गेली. म्हाताऱ्यानं कागद वाचला, चष्मा कपाळावर घेतला आणि तिच्याकडं बघत राहिला.

"बाई, तीस वर्षं मी इथं बसतो," तो म्हणाला. "काही सापडलं नाही म्हणून लिहून घेतलेला माणूस आजवर बघितला नाही."

"त्येला किती अधिकार हाय बाबा? खरं सांगा."

"गाडी थांबवायचा आहे. वहीम असला तर तपासायचा आहे, पंचांसमोर. काढून घेईल त्याची पावती दिली पाहिजे. पकडलं तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं पाहिजे. बाईच्या अंगाला हात लावायचा नाही. इथपर्यंत तो सरकार." त्यानं बोटानं कागदावर रेघ ओढल्यासारखं केलं. "रेघेच्या पलीकडं तो तुझ्यामाझ्यासारखा माणूस. पण ही रेघ त्याला दाखवायला कुणी उभं राहत नाही, म्हणून ती नसल्यासारखीच."

त्यानं अर्ज लिहून दिला आणि सोबत कागदाची नक्कल जोडली. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, एका गठ्ठ्यावर ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आली तेव्हा रामहरीला सगळं कळलं होतं. सोनबा आधी येऊन गेला होता. प्रयागबाईनं तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. सरुबाई पाणी प्याली आणि बाजेच्या कडेला बसली.

"कशाला लिवून घेतलंस तितं?" रामहरी म्हणाला. "साऱ्या वाटंला कळलं आता."

"साऱ्या वाटंला आधीच ठावं व्हतं. मला तेवढं न्हवतं."

रामहरीनं डोळ्यांवर हात आडवा घेतला. "पहिल्या बारीला वाटलं, दोन घागरी तर हायत. माल वाचंल. दुसऱ्या बारीला न्हाय म्हणायला जीभच उठंना. एकदा उचलली की मग..."

"अवो, माल बी गेलाच की आज," सरुबाई म्हणाली. "पर घागर न्हाय उचलली."

तिनं पायथ्याशी सरकून त्याच्या पायाच्या सुटलेल्या दोऱ्या पुन्हा आवळल्या. त्यानं पाय काढून घेतला नाही.

पुढच्या बाजारापर्यंत कचेरीतनं काही आलं नाही. वांगी मात्र आली. ती तोडावीच लागली. पुन्हा दोघी बायका सरीत उतरल्या, पुन्हा डालगी भरली, पुन्हा दोन गाड्या पहाटे निघाल्या. या खेपेला सरुबाई पुढं होती.

फाट्यावर नाका होता, बांबू होता, जमादारही तोच होता. दगडाबाईचं पाल तेवढं नव्हतं. पालाच्या जागी चुलीचे तीन काळे दगड आणि थोडी राख उरली होती. सरुबाईनं बैल थांबवले. तिची नजर त्या दगडांवरून हलेना.

"दगडाबाई कुठं गेली?" तिनं शिपायाला विचारलं.

"उठवलं," शिपाई खालच्या आवाजात म्हणाला. "रस्त्याला अडथळा होतो म्हणून. वाटेपासून लांब, कालव्यापलीकडं लिंबाखाली बसते आता. तिकडं गिऱ्हाईक जात नाही."

जमादारानं सरुबाईची गाडी ओळखली. तो खुर्चीतनं उठला नाही. दुसरीकडं तोंड करून त्यानं हातानं खूण केली. बांबू वर गेला. कंदील नाही, सळई नाही, एक शब्द नाही. तिची एकटीची गाडी मोकळी झाली होती.

तिनं बैल हाकले. पुलाच्या मध्यावर आली असेल, तेवढ्यात मागं जमादाराचा आवाज चढला. तिनं वळून बघितलं. सोनबाची गाडी बांबूखाली अडवली होती. या खेपेला सोनबानं पाटी नेऊन ठेवली नव्हती. तो टोपी डोक्यावर ठेवून उभा होता आणि जमादार खोलीकडं बघून ओरडत होता, "सळई आण!"

बारामती अजून तीन कोस होती. ऊन चढत होतं आणि डालगी भरलेली होती.

सरुबाईनं कासरा ओढला. खाली उतरून चाकाला दगड लावला, बैलांच्या तोंडापुढं पेंढी टाकली आणि ती पूल उतरून मागं चालत गेली. रांगेतल्या गाडीवानांच्या देखत, सोनबाच्या बैलांना वळसा घालून ती नेमकी डालगी आणि सळईच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"तुला सोडलंय ना?" जमादार म्हणाला. "तुझं काय काम इथं?"

"मी पंच हाय," सरुबाई म्हणाली. मग गाड्यांच्या रांगेकडं वळून तिनं हाक दिली, "आनखी एक जण या रं!"

सगळ्यात शेवटच्या गाडीवरनं एकजण खाली उतरला. मग त्याच्या पुढचा.